हलगीची किंमत बाराशे

मुंबई विमानतळावर कस्टमच्या टेबलासमोर उभं राहून मी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. लिहिला होता मीच, २४ दिवसांपूर्वी, निघताना, घाईघाईत. महागडी वाद्यं परदेशी न्यायची असतील तर जातानाच कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर येताना 'हे तिकडनं विकत आणलंय' म्हणून ड्युटी भरायला लावतील, असं पुण्याच्या एका मुरलेल्या ड्रमरनं बजावलं होतं. तेव्हा, म्हणजे २०२४ साली, माणशी ५० हजारांपर्यंतचं सामान सुटायचं आणि आमची एकेक गिटार त्याच्या वरची. म्हणून यादी केलेली. गिटार, ६८ हजार. बेस, ५४ हजार. ड्रमच्या झांजा, म्हणजे सिंबल, तीन नग, ४७ हजार. पेडलबोर्ड, ३९ हजार. प्रत्येकापुढं सिरियल नंबर. सगळ्यात खाली, जागा उरली नव्हती म्हणून जरा तिरकं: हलगी, एक नग, बाराशे रुपये. नंबरच्या रकान्यात रेघ.

साहेबांनी पेट्या उघडायला लावल्या, नंबर जुळवले, 'जा' म्हणाले. ज्या दहा मिनिटांची धास्ती मी पंधरा दिवस घेतली होती ती अशी संपली. हलगीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ती बारक्याच्या काखेत होती, अक्काच्या जुन्या शालीत गुंडाळलेली.

आमची ओळख करून द्यायची तर, त्या दिवसापर्यंत मी ती अशी करायचो: 'आम्ही चौघं, आणि हलगीला बारक्या.' अक्का गाते. ती मराठीतही अक्का आणि कन्नडातही अक्काच, त्यामुळं बेळगावात तिला नावानं कुणी हाक मारत नाही. मास्तर गिटार वाजवतो, शहापुरात क्लास घेतो. शेट ड्रमवर, खडेबाजारात बापाचं कापडाचं दुकान. मी बेस, आणि जमाखर्च माझ्याकडं. बारक्या निपाणीच्या बाजूचा. दोन वर्षांपूर्वी एका गाण्यात हलगी पाहिजे म्हणून त्याला बोलावला, ते गाणं चाललं, मग तो प्रत्येक सुपारीला येऊ लागला. येण्या-जाण्याचं भाडं आणि दीड हजार रुपये. खरं तो बँडमध्ये आहे की नाही, हे कधी कुणी बोललं नाही. मीही नाही.

बाहेर आलो तर मुंबई वेगळ्याच नादात. तारीख होती ४ जुलै. वर्ल्ड कप जिंकलेला संघ त्याच दिवशी संध्याकाळी मुंबईत येणार होता, मरीन ड्राइव्हवर मिरवणूक, टॅक्सीवाले दुप्पट भाडं सांगत होते. रात्री साडेआठला सायनहून ट्रॅव्हल्स पकडायची होती. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, विमान होतं हो, पण वाद्यांच्या जादा वजनाचे पैसे एकदा भरून झाले होते, पुन्हा भरायची ऐपत नव्हती. मग पाच माणसं, सामानाचे नऊ डाग, एका चहाच्या टपरीजवळ चार तास. टपरीच्या टीव्हीवर उघडी बस, तिच्याभोवती माणसांचा समुद्र. बारक्या म्हणाला, "आमी बी परदेशातनंच आलोय की बे. एक डाव बघा तरी कुणी."

ती मॅच आम्ही जर्मनीत पाहिली होती, तीही अर्धवट. २९ जूनला कोलोनमधल्या एका लहान हॉलमध्ये रात्री आठचा कार्यक्रम. त्याच रात्री नऊला जर्मनी–डेन्मार्क, फुटबॉलच्या युरो कपची बाद फेरी. म्हणजे शहरात माणूस मिळणं मुश्किल. आणि इकडं मेकअपच्या खोलीत शेटच्या मोबाइलवर भारत–दक्षिण आफ्रिका, शेवटची ओव्हर, सूर्यकुमारचा सीमारेषेवरचा झेल. सात धावांनी जिंकलो आणि तसेच धावत स्टेजवर गेलो. समोर सतरा माणसं. मी मोजली, मला मोजायची खोडच आहे. त्या सतरांसमोर बारक्यानं जी हलगी वाजवली तशी मी आजवर ऐकली नव्हती. पुढं डॉर्टमुंडात वीज-पावसानं ती फुटबॉलची मॅच थांबली तेव्हा शेजारच्या बारमधली काही माणसं आवाज ऐकून आत आली, आणि मॅच पुन्हा सुरू झाली तरी त्यातली चार गेली नाहीत.

हलगीचं तिकडं काय काय झालं हे सांगायलाच पाहिजे. हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. चामडं तापलं की ताणतं, मगच ती 'कडाड' बोलते. आपल्याकडं चार काटक्या, थोडं पाचट, काम झालं. तिकडं जाळ करायला गेलो असतो तर धुराचा भोंगा वाजला असता आणि अग्निशमनवाले आले असते. पहिल्या दिवशी बारक्या हलगी घेऊन नुसता दिव्याखाली उभा होता. शेवटी अक्कानं केस वाळवायचं मशीन दिलं. मग आठही कार्यक्रमांत ते मशीन अक्कापेक्षा हलगीनंच जास्त वापरलं.

दुसरी गोष्ट, तो उभा कुठं राहायचा त्याची. आम्ही त्याला इथल्यासारखाच मागं, ड्रमच्या बाजूला ठेवला होता. तिसऱ्या कार्यक्रमाला तिथला साउंडवाला म्हणाला, हे चालायचं नाही. हलगीचा आवाज ड्रमवर टांगलेल्या माइकांत शिरतो आणि सगळा चिखल होतो. याला पुढं घ्या, ड्रमपासून लांब, गाणारीच्या शेजारी. म्हणून तो पुढं आला. आमच्या कुणाच्या मनात आलं म्हणून नाही. पण पुढं आल्यावर लोकांना कळलं की तो आवाज येतो कुठून, आणि कार्यक्रम संपल्यावर लोक सरळ त्याच्याकडं जाऊ लागले. त्याला इंग्लिश येत नाही. तो हलगी त्यांच्या हातात द्यायचा. मी बेस पेटीत भरत बाजूला.

ट्रॅव्हल्स वेळेवर सुटली नाही, हे सांगायला नको. सातारा ते कागल रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं, सगळीकडं वळणं, खड्डे, पाऊस. बारक्यानं रात्रभर हलगी मांडीवर धरली होती, शालीवरनं प्लास्टिकची पिशवी. कोगनोळीचा टोलनाका गेला तेव्हा उजाडत होतं. निपाणीत तो उतरला. "येतो बे," म्हणाला आणि पावसातनं स्टँडकडं चालू पडला. पैशाचं त्यानं विचारलं नाही. मीही काढलं नाही. तिथनं बेळगावपर्यंत तास-सव्वा तास मी झोपल्याचं सोंग केलं.

घरी आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी ओतलं. शेजारच्या काकूंचा पहिला प्रश्न, "मग किती मिळाले रे?" दुसरा, "तिकडं भात मिळतो काय?" आजीला एवढंच कळलं होतं की नातू 'बाहेर' गेला होता. तिच्या लेखी बाहेर म्हणजे कोल्हापूर. पुढचे चार दिवस घड्याळ साडेतीन तास मागं. रात्री तीनला डोळे टक्क उघडे, सकाळी अकराला आई पांघरूण ओढतेय. जुलैच्या दमट हवेत मास्तरच्या गिटारची मान वाकली, तारा उचलल्या गेल्या, तो दोन दिवस किल्ली घेऊन बसला होता. अक्काचा आवाज बसला. ही सगळी दुखणी मला बरीच वाटली, कारण त्यांच्या नावाखाली हिशेब पुढं ढकलता येत होता.

आठव्या दिवशी वही उघडली.

जमा सोपी होती. जर्मनीत पाच कार्यक्रम, प्रत्येकी १,२५० युरो. नेदरलँड्समध्ये तीन, प्रत्येकी हजार. एकूण ९,२५० युरो, ८९ च्या भावानं ८ लाख २३ हजार २५०. खर्च: विमानं ३ लाख ६०, व्हिसा ४५ हजार (आम्ही मे महिन्यातच अर्ज केल्यामुळं फी ८० युरो पडली, ११ जूनपासून ती ९० झाली), विमा साडेबारा हजार, तिकडची भाड्याची व्हॅन आणि गाड्या १ लाख ४०, खाणं-पिणं ९५ हजार, जादा सामान ३८ हजार, मुंबईच्या खेपा ३० हजार. राहण्याची सोय आयोजकांची, ड्रमसेट तिथलाच. उरले १ लाख २ हजार ७५०. आठ कार्यक्रमांचे. बेळगावातला लग्नाचा ऑर्केस्ट्रा हे ऐकून हसेल.

आता वाटणी. वहीच्या पहिल्या पानावर, मार्च महिन्यात, माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'हलगी ८ × १,५०० = १२,०००. बाकी ÷ ४.'

आणि त्याच वहीत, मागच्या खिशात, जर्मनीच्या कराराची प्रत. त्यात कलाकार पाच. सगळे सारखे.

हे कसं झालं तेही सांगतो. एप्रिलमध्ये आयोजकाचा मेल आला की कलाकार किती ते कळवा. मी लिहिलं, चार आणि एक साथीदार. उलट टपाली उत्तर: असं नको. बाहेरच्या देशातल्या कलाकाराला पैसे देताना तिथं कर कापून घेतात, १५ टक्के आणि त्यावर अधिभार, मिळून १५.८२५ टक्के. पण एका कार्यक्रमाचे माणशी २५० युरोपर्यंत असतील तर काहीच कापत नाहीत. गटाचे पैसे असतील तर डोक्यांनी भागतात. १,२५० भागिले चार म्हणजे ३१२, कर लागतो. भागिले पाच म्हणजे बरोबर २५०, सुटतो. 'तुम्ही पाच जण सारखेच आहात ना?' त्यानं विचारलं होतं. मी लगेच उत्तर दिलं, हो, सारखेच. प्रत्येक कार्यक्रमाचे जवळपास दोनशे युरो वाचले म्हणून मी त्या दिवशी खुशीत होतो. वहीचं पहिलं पान बदलावं असं मनात आलं नाही.

आता दोन्ही कागद शेजारी ठेवून गणित केलं. पाच सारखे वाटे केले तर प्रत्येकाला २०,५५०. जुन्या पद्धतीनं केले तर आम्हा चौघांना २२,६८७ आणि बारक्याला १२ हजार. म्हणजे आमच्यातल्या एकेकाचा फायदा दोन हजार एकशे सदतीस रुपये.

वडगावात एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये आमचा सराव चालतो. तिथं चौघं बसलो. बारक्याला मी मुद्दाम बोलावलं नव्हतं, आणि हेही लिहून टाकतो की ते चुकलंच. शेट म्हणाला, "हे बघ, जाताना आपण चौघांनी पंच्याहत्तर-पंच्याहत्तर हजार घातले. तिकिटं बरीचशी त्यातनं काढली. टूर बुडाली असती तर कुणाचं गेलं असतं? त्याचं काय गेलं असतं?" हा मुद्दा खोटा नव्हता. शेट वाईट माणूस नाही, दुकानदाराचा पोरगा आहे. मास्तर छताकडं बघत होता. अक्का म्हणाली, "घातलेलं परत आलं न्हवं? पै न् पै आली. आता उरल्यात ते वाजवल्याचे. वाजवलं कुणी तेवढं सांग." शेट काहीतरी बोलणार होता. ती म्हणाली, "आणि जर्मनीत सारखे म्हणून सही केलास, मग कर चुकवायला सारखे आणि वाटायला निराळे व्हय?" सही मी केली होती, शेटनं नाही. ती बघत माझ्याकडंच होती.

पाच वाटे झाले. शेटनं पुढं त्याबद्दल एक शब्द काढला नाही. उलट चार दिवसांनी खडेबाजारातनं बारक्यासाठी एक टेरिकॉटचं कापड पाठवलं, कशाबद्दल ते सांगितलं नाही.

मग सत्कार. आमच्या गावच्या मंडळानं ठेवला. फोनवर अध्यक्ष म्हणाले, "पोरांनी सीमाभागाचं नाव केलं. शाल, श्रीफळ, पेढे. आणि तुमच्या त्या हलगीवाल्याला जरा लवकर पाठवा. पाहुणे येताना वाजवील." मी म्हणालो, काका, तो पण सत्काराला आहे, आम्ही पाच आहोत. "हां हां, बसू दे की, कोण नको म्हणतंय," ते म्हणाले. मला वाटलं, झालं काम.

चौकात फ्लेक्स लागला. वर कन्नड, खाली मराठी, अक्षरांच्या मापावरनं कुणी येऊन फाडू नये म्हणून मंडळानं पट्टी लावून मोजलेलं. आमच्याकडं अभिनंदनालासुद्धा पट्टी लागते. त्यावर चार फोटो, गोल चौकटीत. पाचवा फोटो नव्हता असं नाही. अक्काच्या फोटोच्या कडेला एक काळी हलगी आणि टिपरू धरलेला हात तेवढा आला होता, मनगटापर्यंत. बाकीचा माणूस चौकटीच्या बाहेर.

बारक्या वेळेवर आला. शेटच्या कापडाचा नवा शर्ट, हात रिकामे. अध्यक्षांनी विचारलं, "हलगी?" तो म्हणाला, "चामडं सर्द झालंय, काका. बोलत न्हाई." पावसाळ्यात हे शंभर टक्के खरं असतं, त्यामुळं कुणाला पुढं काही बोलता येईना. पाहुणे आले ते मोबाइलवरच्या सनईवर. स्टेजवर खुर्च्या चार. मी खाली उभा राहिलो, मग मास्तरही उतरला, मग गडबड, मग कुणीतरी प्लास्टिकची एक खुर्ची डोक्यावरनं पुढं सरकवली. ताटात शाली चारच होत्या. एका पाहुण्याच्या गळ्यात मघाशीच घातलेली शाल सूत्रसंचालकानं हसत हसत उतरवून घेतली आणि घडी करून बारक्याच्या खांद्यावर टाकली. टाळ्या पडल्या. नारळ आला नाही.

परतताना मोटारसायकलवर माझ्या मागं बसून तो बराच वेळ गप्प होता. हिंडलग्याच्या पुढं आल्यावर विचारलं, "ती शाल कुणाची होती बे? अत्तराचा वास मारालाय."

पैसे मी त्याच्या घरी नेऊन दिले. खात्यावर टाकता आले असते, पण मला जायचं होतं. दोन खोल्यांचं घर, बाहेर तंबाखूचा वास, आई विड्या वळत बसलेली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. १९२५ साली ते परिषदेला निपाणीत आले होते, त्या घरात ते गेल्या आठवड्यात झाल्यासारखं सांगतात. बारक्याच्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. त्यांच्या गल्लीनं फार पूर्वी ठरवलं होतं की गावाची हलगी वाजवायची नाही. मयताला नाही, मिरवणुकीला नाही. आप्पांनी स्वतःची हलगी तेव्हा माळ्यावर टाकली ती पुन्हा काढली नाही. पोरगं मामाकडं जाऊन शिकलं, त्यावरनं दोघं वर्षभर बोलत नव्हते. हे मला तिकडं, रॉटरडॅमला जाताना व्हॅनमध्ये कळलं. दोन वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

मी वीस हजार पाचशे पन्नास मोजून आप्पांच्या पुढं ठेवले. त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "त्याला द्या. वाजवलंय त्यानं." मग विचारलं, "तिकडं उभा कुठं करत होता ह्याला?"

मी म्हणणार होतो, मधोमध. म्हणालो, "पहिले दोन कार्यक्रम मागं. मग पुढं."

"का पुढं?"

मी माइकांचं सांगितलं. आप्पा मोठ्यानं हसले. आतून आईपण.

मग त्यांनी कागद मागितले, काय काय सह्या केल्यात ते बघायला. निवृत्त होईपर्यंत ते एका ऑफिसात शिपाई होते, कागद कसा वाचायचा त्यांना ठाऊक आहे. जर्मनीच्या करारावरची पाच नावं त्यांनी बोट ठेवून मोजली आणि तो बाजूला ठेवला. हिशेब बघितला, बेरीज तोंडी करून पाहिली. शेवटी कस्टमची यादी हातात घेतली. खालच्या तिरक्या ओळीपाशी चष्मा पुसला.

"बाराशे?" ते म्हणाले. "बाराशेला कुठं मिळत्या आता? नुसतं चामडं चढवून घ्यायचं म्हणलं तर दोन हजार मागतोय. हे खोटं लिहिलंयस बघ."

बारक्यानं माळ्याकडं शिडी ओढली. आप्पांनी तिकडं बघितलं, पण काही म्हणाले नाहीत. बाहेर पाऊस लागलेला. आई चहा टाकायला उठली.